असईच्या पट्टीचं पदक: प्रतिकृती घेतली, पण अक्षरं चुकली

मी मूळचा भोकरदनचा. केळणा-जुईच्या संगमावरची असई लहानपणापासून पायाखालची, म्हणून इथल्या १८०३ च्या लढाईसह भारतातल्या लढायांसाठी ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांना दिलेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाची प्रतिकृती ऑनलाइन मागवली. फिकी निळी फीत अगदी योग्य. मागच्या बाजूची बसलेली विजयदेवता, ताडाचं झाड आणि '१७९९–१८२६' ही वर्षं सुबक उठली आहेत. मूळ पदक चांदीचं असतं, हे पितळेवर मुलामा दिलेलं. हातात घेताच कळतं.

खरी खंत पट्टीची, म्हणजे फितीवर बसवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या धातूच्या पट्टीची. मूळ पट्टीवर इंग्रजीत 'असई'चं स्पेलिंग आजच्याहून वेगळं, एक 'ए' कमी असलेलं आहे. विक्रेत्याने आजचं स्पेलिंग घातलंय. संग्राहकाला हे खटकणारच.

२३ सप्टेंबर १८०३ ला इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो चौतिशीतला ब्रिटिश मेजर जनरल आर्थर वेलस्ली. पुढे त्याने अरगाव, गाविलगड जिंकलं आणि बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. पदक मंजूर झालं १८५१ साली, तेही हयात असलेल्यांनाच! अठ्ठेचाळीस वर्षांत किती शिपाई गेले असतील, या विचाराने जीव तुटतो.

शाळेतल्या प्रदर्शनासाठी जरूर घ्या, संग्रहासाठी नको.