टेलीमानस १४४१६: मागे राहिलेल्या घरच्यांसाठी पण आहे, आमचा अनुभव

ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात त्यांच्यासाठी ही हेल्पलाइन आहे एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण घरातलं माणूस तसं गेल्यावर मागे जे उरतात त्यांनीही तिथे फोन करायचा असतो हे कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझा मामेभाऊ गेला. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्याला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) होता, ट्रीटमेंट चालू होती, मधे त्याने गोळ्या बंद केल्या आणि पुढचं सगळं फार भराभर झालं. कसं झालं ते इथे लिहिणार नाही. तेच विचारणारी माणसं घरात रांग लावून येत होती. मामींसमोर बसायचं, पाणी प्यायचं आणि पहिला प्रश्न, नेमकं झालं कसं, तुम्हाला आधी कळलं नाही का, डॉक्टर बदलायला पाहिजे होता, अमक्या गावात एक बघणारे आहेत त्यांच्याकडे नेलं असतं तर. बाराव्यापर्यंत मामींनी तेच तेच सांगितलं आणि बारावं झालं तसं घर एकदम रिकामं. हार्टअटॅकने कुणी गेलं तर महिनाभर आजूबाजूच्या घरांतून आमटी-भाकरी येते हो, इथे रोजची बाई दारावरून जाताना मान खाली घालून जायला लागली. मला याचा अजूनही राग येतो.

मामी रात्रीच्या झोपायच्याच नाहीत, स्वयंपाकघरात लाइट लावून बसून राहायच्या. अशाच एका रात्री, अडीच वाजले असतील, मी १४४१६ लावला आणि स्पीकरवर ठेवला. पैसे लागत नाहीत, २४ तास चालू असतो, १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली सेवा आहे आणि मुख्य जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेकडे आहे. भाषा निवडता येते, मराठी आहे, आणि आमच्यासाठी हेच सगळ्यात मोठं होतं कारण मामी हिंदीत त्याच्याबद्दल एक शब्द बोलल्या नसत्या.

पलीकडच्या ताईंनी कसं झालं हे विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "काकू, मुलाचं नाव काय?" इतक्या दिवसांत घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं, सगळे आपले 'तो' 'तो' करत होते. मग त्याला काय आवडायचं विचारलं. मामी म्हणाल्या मिक्सर उघडून बसायला. गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन हाच दुरुस्त करून द्यायचा, आजारात पण, आणि स्क्रू ठेवायला फरसाणाचे रिकामे डबे, प्रत्येकावर मापाचा कागद चिकटवलेला. ते डबे मामी फोनवर बोलता बोलता फळीवरून काढून ओट्यावर मांडत होत्या. बराच वेळ हेच चाललं आणि मग मधेच बोलल्या की त्या दिवशी सकाळी मी त्याला अंघोळीवरून ओरडले होते. एवढ्या दिवसांत हे त्यांनी मामांनाही सांगितलेलं नव्हतं.

ताईंनी लगेच "नाही नाही तुमची काही चूक नाही" असं म्हणून विषय मिटवला नाही, आधी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश सांगितलं की हा आजारच जीवघेणा ठरू शकतो, एका सकाळच्या बोलण्याने असं होत नसतं. (नंतर मी स्वतः माहिती काढली, स्किझोफ्रेनिया असलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ जण आत्महत्येने जातात, त्यात नियमित उपचार घेणारेही असतात.) शेवटी सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःला जगणं नकोसं वाटतं का, तसे विचार येतात का?" मला क्षणभर धस्स झालं, पण हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही आणि अशा घरात मागे राहिलेल्यांनाही धोका वाढलेला असतो, त्यामुळे विचारायलाच पाहिजे. मामी म्हणाल्या येतात कधी कधी. त्यावर पण त्या बाई गडबडल्या नाहीत, रात्री सोबत कोण असतं, गोळ्या-औषधं घरात कुठे ठेवलीत, हे सगळं शांतपणे विचारलं आणि पुढे डॉक्टरांशी बोलायची सोय करून दिली.

फोन ठेवल्यावर मामी शांत झोपल्या वगैरे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी न सांगता जेवल्या.

पुढच्या टप्प्याला मानसोपचारतज्ज्ञ असतात, त्याचा उपयोग माझ्या मामेबहिणीला झाला. ती कुणाला बोलली नव्हती पण तिच्या डोक्यात एकच, मला पण होणार का. तिला नीट आकडे सांगितले, सर्वसाधारण १०० माणसांत १ ला हा आजार होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर १०० त ९-१० जणांना, म्हणजे नव्वदच्या आसपास लोकांना होत नाही. लग्नाचं काय बोलायचं हा तिचा प्रश्न अजून आहेच म्हणा.

कमी कुठे पडते तर ही शेवटी हेल्पलाइन आहे, वर्षभर एकाच माणसाकडे जाऊन बसायची जागा नाही. त्यासाठी सपोर्ट ग्रुप बघा, पुण्यात कनेक्टिंग ही संस्था आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांसाठीही काम करते आणि स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या घरच्यांचे गट चालवते. तालुक्याच्या गावात असलं काही मिळणं अवघडच, तिथे नातेवाइकांनीच जायला लागतं. माझी एक मावशी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी येते, मेथी निवडत बसते, काही विचारत नाही, मामी बोलल्या तर ऐकते.

आणि कागदपत्रांचं काम फोनवर होत नाही, ते कुणीतरी अंगावर घ्या. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, पोस्टमॉर्टेम हे अशा प्रत्येक मृत्यूत होतंच, घरच्यांवर संशय आहे म्हणून नाही, हे मामांना आधीच कुणी सांगितलं असतं तर ते एवढे खचले नसते. विम्याचं पण तेच. कुणीतरी सांगितलं अशा केसमध्ये काही मिळत नाही आणि मामांनी फाइल बंद करून ठेवली. साध्या आयुर्विम्याच्या चालू पॉलिसीला १२ महिने उलटून गेले असतील तर क्लेम मिळतो, वर्षाच्या आत असेल तरी भरलेल्या हप्त्यांचे किमान ८० टक्के परत मिळतात. पोस्टमॉर्टेम रिपोर्टची कॉपी जपून ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी पाच, पण नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन निघून जाऊ नका, त्या अवस्थेत माणूस स्वतः फोन लावत नाही. शेजारी बसून लावून द्या, भाषा निवडून द्या, सुरुवात तुम्ही करा आणि मग हवं तर उठून बाहेर जा. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६ हा पण त्यांचाच आहे.