पुस्तकं लावायची कशी : लेखकवार, विषयवार की उंचीवार?

घोडबंदर रोडच्या वन-बीएचकेत पाच-सहाशे पुस्तकं झाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो रद्दीत काढा, दुसरा म्हणतो नवं कपाट करू. (तिसरा मुद्दा, की १८९३ पासून ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मग घरी एवढं कशाला, हाही निघतोच. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.) कपाट करायचंच असेल तर लावण आधी ठरवा, कारण फळ्यांची मापं तिच्यावर ठरतात.

लेखकवार लावण सोपी वाटते. आडनाव पाहायचं, ठेवायचं. पण तलावपाळीच्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे ते राम गणेश गडकरीच घ्या. नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. कुसुमाग्रजांच्या कविता ‘क’मध्ये, तर त्यांचीच नाटकं वि. वा. शिरवाडकर म्हणून ‘श’मध्ये. सगळं मूळ आडनावाखाली आणा किंवा मुखपृष्ठावर छापलंय तेच धरा, पण एकच काय ते ठरवा. मी मुखपृष्ठ धरतो. घरातलं दुसरं कुणी शोधायला आलं तर त्याला तेवढंच ठाऊक असतं. खरा जाच वेगळाच आहे. ‘क’मध्ये एक जाडजूड कादंबरी आली की पार ‘ह’पर्यंत सरकवासरकवी. वर्षाला चार पुस्तकं घेणाऱ्याला हे चालतं, प्रदर्शनातून पिशव्या भरून आणणाऱ्याला नाही.

विषयवार म्हटलं की उत्साही माणूस थेट ग्रंथालयांत वापरतात त्या ड्युईच्या दशांश पद्धतीवर जातो. १८७६ची ही पद्धत सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग करते. त्यात इंग्रजी साहित्याला ८२०चं अख्खं दालन, आणि मराठीला ८९१.४६ एवढा कोपरा. कपाटात बहुतेक मराठी साहित्यच असेल, तर जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर तेच पाच आकडे लिहीत बसाल. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३३ची कोलन वर्गीकरण पद्धत जास्त लवचीक, पण ती घरी राबवायची म्हणजे आधी शिकायला बसावं लागेल.

त्यापेक्षा आपले घरगुती वर्ग बरे : कथा-कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, इतिहास, प्रवास, स्वयंपाक. किल्ल्यांवरचं पुस्तक इतिहासात की प्रवासात, यावर वाद घालू नका. ते शोधताना हात आधी जिथे गेला तीच त्याची जागा. ‘संकीर्ण’ नावाची फळी मात्र करू नका. सहा महिन्यांत घरातली निम्मी पुस्तकं तिथे मुक्कामाला येतात.

उंचीवार लावणाऱ्यांना वाचणारी मंडळी हसतात. मी हसत नाही. सारख्या उंचीची पुस्तकं एकत्र आली की फळ्या जवळजवळ घेता येतात आणि त्याच कपाटात एखादी फळी जास्त बसते. ठाण्यातल्या चौरस फुटाच्या भावात ही थट्टेची गोष्ट नाही. अट एवढीच, की पुस्तक तुम्हाला कण्याच्या रंगावरून आठवायला हवं, नाहीतर फोनमध्ये यादी हवी. बारीक कवितासंग्रहांचे हाल इथे सगळ्यात जास्त. कण्यावर नाव छापायलाच जागा नसते, त्यामुळे दोन कादंबऱ्यांमध्ये गेलेला संग्रह हरवलाच म्हणायचा.

माझं मत : संग्रह दोन-तीनशेचा आणि वाढ मंद असेल तर लेखकवार. त्याहून मोठा असेल तर विषयवार, आणि फक्त साहित्याच्या फळ्यांवर आत लेखकवार. प्रत्येक वर्गाच्या शेवटी वीतभर जागा मोकळी सोडा. उंचीवार लावण भाड्याच्या घरासाठी ठेवा.

सुताराला काय सांगायचं ते लावणीइतकंच महत्त्वाचं. तो सवयीने कपड्यांच्या कपाटाची खोली धरतो. मग पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची रांग कायमची विस्मरणात जाते. दहा इंच खोली पुरते. अठरा एमएम प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब नको, भाराने मधे झोल येतो. आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. टाळता येत नसेल तर कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, नाहीतर श्रावणात मागच्या प्लायला बुरशी धरते.

दिवाळी अंक यांपैकी कशातच बसत नाहीत. ते वर्षवार, खालच्या उंच कप्प्यात, उभे आणि दाटून ठेवा. सैल ठेवले की वाकतात.