मुलीच्या दातांच्या तारा: कोल्हापुरातील एका दवाखान्याचा २२ महिन्यांचा अनुभव

माझ्या मुलीच्या दातांचे तारांचे उपचार या दवाखान्यात गेल्या महिन्यात पूर्ण झाले. सुरुवात केली तेव्हा ती सातवीत होती. वरचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि सुळ्यांना जागाच न मिळाल्यामुळे ते शेजारच्या दातांवर चढले होते. आज तिचे दात सरळ आहेत, ओठ सहज मिटतात. तरीही मी हे लिहिते आहे ते मुख्यतः यासाठी, की येथे आमच्या प्रत्येक शंकेला पैसे भरण्यापूर्वी उत्तर मिळाले.

याआधी आम्ही शहरातल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो होतो. तेथे तोंडात टॉर्च मारून पाहिल्यावर लगेच तारा लावण्याची तारीख आणि पूर्ण रक्कम आगाऊ मागण्यात आली. एक्स-रेचा विषयही निघाला नाही. येथे मात्र पहिल्या भेटीत दोन एक्स-रे काढले, एक संपूर्ण जबड्याचा आणि एक चेहऱ्याचा बाजूने, आणि दातांचे माप घेऊन प्लास्टरचे साचे केले. तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर दात सरळ करण्याच्या याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे का, हे पालकांनी कोठेही निःसंकोच विचारावे. येथील डॉक्टरांनी ते स्वतःहून सांगितले.

आमची सर्वांत मोठी अडचण चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागच्या लहान दाढा, काढण्याची होती. किडलेले नसताना चांगले दात का काढायचे, हे मला पटत नव्हते, आणि वरचे दात काढले की नजर अधू होते अशी सासूबाईंना भीती होती. डॉक्टरांनी बाजूच्या एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने दातांची आणि ओठांची रेषा काढली आणि मुलीच्याच हातात प्लास्टरचा साचा दिला. वरच्या दातांच्या रुंदीची बेरीज आणि जबड्यात असलेली जागा यांत आठ मिलिमीटरची तफावत होती. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते, म्हणजे वरच्या दोन काढल्यावर सुळे खाली येऊन उरलेल्या जागेत पुढचे दात मागे नेता येतात, हे तिला आमच्याआधी समजले. सासूबाईंना त्यांनी शांतपणे सांगितले, "आजी, दातांची नस वेगळी आणि दिसण्याची नस वेगळी. दात काढल्याने डोळ्यांना काही होत नाही." सर्वच मुलांचे दात काढावे लागत नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट केले.

दुखते का, तर हो, दुखते. तारा लावल्यावर पहिले चार दिवस ती मऊ भात आणि खिमटावरच होती. पुढे दर महिन्याला तार बदलली किंवा घट्ट केली की एक-दोन दिवस दात ठणकत. संक्रांतीला तिने गुळाची चिक्की खाल्ली आणि दाढेजवळचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, सुटून मण्यासारखा तारेवर सरकू लागला. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवून मिळाला. चिक्की, ऊस, कणीस, कडक चकली हे खरोखरच बंद ठेवावे लागते. पेरू आणि गाजर बारीक चिरून चालतात. दात घासण्यात हयगय झाली, तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग कायमचे राहू शकतात, म्हणून प्रत्येक भेटीत येथे आधी ब्रश पाहतात.

तारांऐवजी दातांवर बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक अलायनरबद्दलही आम्ही विचारले होते. ते दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात आणि दात काढून एवढी जागा भरायची असेल, तर तारांनी नियंत्रण चांगले राहते, असे सांगून डॉक्टरांनी आम्हाला महागडा पर्याय सुचवला नाही. धाकट्या मुलाला सातव्या वर्षी दाखवले, तेव्हाही "आत्ता काही करायचे नाही, वर्षाने आणा," एवढेच सांगितले. अंगठा चोखण्याची सवय असेल किंवा खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर मात्र दुधाचे सगळे दात पडण्याची वाट पाहू नये.

दोन तक्रारी आहेत. शनिवारी वेळ घेऊनही तास-दीड तास बसावे लागते. एका रविवारी तारेचे टोक गालात रुतले, तेव्हा दवाखान्याचा फोन कोणी उचलला नाही. आधीच दिलेले मेण टोकावर दाबून आम्ही रात्र काढली. एवढ्या काळजीने काम करणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसासाठी एक नंबर द्यायलाच हवा.

तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरचा खर्च पहिल्या लेखी अंदाजपत्रकातच धरलेला होता, ही मला विशेष मोलाची गोष्ट वाटते, कारण तारा निघाल्या म्हणजे उपचार संपले असे समजून अनेक जण रिटेनर सोडून देतात आणि दात पुन्हा सरकतात. सध्या ती तो जेवणाची वेळ सोडून दिवसरात्र लावते, सहा महिन्यांनी फक्त रात्री लावायचा आहे. गरम पाण्याने धुतला तर त्याचा आकार बिघडतो, म्हणून तो नेहमी साध्या पाण्याखाली धरायचा. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि त्याच दिवशी धाकट्यालाही घेऊन जाणार आहोत.