कुलाब्याचं बारसं

बारशाच्या कार्यक्रमाला समोरचा माणूस घासाघीस न करता ३०,००० रुपयांना हो म्हणाला, तर हुरळून जाऊ नका. आधी फोन ठेवा.

मी कीबोर्ड वाजवते. हळद, बारसं, सत्यनारायण, गणपतीचा मंडप, सोसायटीची कोजागिरी, मिळेल ते. आमचा सहा जणांचा ग्रुप भांडुपपासून दादरपर्यंत विखुरलेला आहे. सुपाऱ्या घेण्याचं, म्हणजे फोनवर वाद घालण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या फोनवरच आमची फसवणूक झाली. बयाणा म्हणून १५,००० यायचे होते, उलट ३०,००० गेले. हाच फोन मेकअपवाल्या मुलींना, केटररना, फोटोग्राफरना, फुग्यांची सजावट करणाऱ्यांनाही जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पण आधी खरी पार्टी कशी असते ते सांगते, म्हणजे खोटी चटकन ओळखू येईल.

खरी पार्टी छळते. मुलुंडच्या एका हळदीत नवऱ्या मुलाच्या आत्यानं कार्यक्रम संपल्यावर हिशेब मांडला की पाहुण्यांनी नाचताना आमच्यावर ज्या नोटा उडवल्या त्या बिलातून वजा करायच्या. का, तर नोटा उडवणारे तिचेच भाऊ होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो हा नियम काढला आणि त्या हिशेबानं तासाचे पैसे कापायला सांगितले. कार्यक्रम ठरवतानाच आम्ही दहापर्यंतचा ठरवला होता, हे त्यांना पटेना. जेवण नको म्हणालात तर जेवणाचे पैसे कापतात आणि हो म्हणालात तर पहिली पंगत सुरू असताना वाजवायला बसवतात.

शिवाय प्रत्येक घरात एक काका असतात. त्यांना गायचंच असतं. गिरगावात एका चाळीतल्या सत्यनारायणाला असे काका काळी एकमध्ये निघाले आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत कुठल्याच पट्टीत उरले नाहीत. मी ट्रान्सपोजचं बटण दाबत त्यांच्या मागून धावत होते. त्याच संध्याकाळी आचाऱ्यानं आमच्या एक्स्टेंशन बोर्डात मिक्सर लावला. मिक्सर फिरला की कीबोर्ड बंद, थांबला की पुन्हा चालू, आणि चालू झाला की आवाज थेट पियानोचा, मी आधी काहीही लावलेलं असो. चटणी वाटून होईपर्यंत काकांचा अभंग बासरी आणि पियानोच्या मध्ये लोंबकळत राहिला. लोकांना वाटलं फ्यूजन आहे. टाळ्यासुद्धा पडल्या.

तर असं. खऱ्या यजमानाला गाणी कोणती, गायिका कोण, ढोलकी आहे का, ऑक्टापॅड कशाला, साउंड तुमचा की आमचा, हे सगळं विचारायचं असतं आणि उत्तर ऐकून न घेता भाव पाडायचा असतो.

हा माणूस काहीच विचारत नव्हता. हिंदीत, अतिशय अदबीनं बोलला. सैन्यात अधिकारी आहे, कुलाब्याला नेव्ही नगरात क्वार्टर आहे, मुलगा झालाय, उद्या संध्याकाळी बारसं आहे. मी ३०,००० सांगितले, ते २२,००० वर येण्याच्या तयारीनं. तो म्हणाला, “नो प्रॉब्लेम मॅम, जो आपको ठीक लगे.” गाणी? “आप की चॉइस.” दोन तास की तीन? “जैसा आप कहें.” व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं, कँटीनचं कार्ड आलं. हे फोटो कुणातरी खऱ्या जवानाचे असू शकतात. कधीतरी कुणाला पाठवलेले, तिथून चोरलेले. कार्डावरचा चेहरा आणि फोनवरचा आवाज एकाच माणसाचा आहे, हे फोटोवरून कधीच ठरत नाही.

मग त्यानं सांगितलं की पैसे अकाउंट्स ऑफिसकडून येतील, तिथून फोन येईल. आला. दुसरा आवाज, जरा दरडावणीचा. त्याचं म्हणणं असं की फौजेच्या खात्यातून बाहेरच्या माणसाला थेट पैसे जात नाहीत, सिस्टिम उलटी चालते. आधी व्हेंडरनं रक्कम पाठवायची, खातं जुळलं की दुप्पट परत येते. खात्री म्हणून त्यानं ५ रुपये पाठवायला लावले. लगेच १० आले. सगळा खेळ या दहा रुपयांवर उभा आहे. दहा रुपये खरे असतात, तुमच्या खात्यात खरोखर जमा होतात, आणि त्यानंतर माणूस वाद घालायचं सोडतो.

“अब पंद्रह हजार डालिए, तीस आएगा. पंद्रह आपका, पंद्रह अॅडव्हान्स.” टाकले. आले नाहीत. म्हणाला, कोड मॅच झाला नाही, तुमची एन्ट्री अडकलीये, पुन्हा तेवढेच टाका म्हणजे दोन्ही सुटतील. या सगळ्या वेळात फोन कट करू देत नव्हता. “लाइन पे रहिए मॅम, सेशन एक्स्पायर हो जाएगा.” पैसे पाठवताना अॅपवर समोर नाव दिसत होतं एका जनरल स्टोअरचं. विचारलं तर म्हणे ते ऑफिसचं व्हेंडर खातं. दुसऱ्यांदाही १५,००० गेले.

तिसऱ्यांदा जीएसटीच्या नावाखाली मागणी झाली. मी पैसे भरण्यासाठी अॅप उघडून बसले होते आणि दुसरीकडे गाण्यांची यादी करत होते. पाळण्यात बाळाचं नाव गुंफावं लागतं, म्हणून सहज विचारलं, नाव काय ठेवताय? अकाउंट्सवाला म्हणाला, “साहब की बिटिया है, नाम वही बताएंगे.” साहेबांना तर मुलगा झाला होता. पाळणा म्हणणाऱ्या बाईला मुलगा-मुलगीची चूक लगेच कळते, पाळणेच वेगळे असतात. मी पुन्हा विचारलं, तर फोन कट झाला. मग मात्र सेशन एक्स्पायर होण्याची कुणाला काळजी नव्हती.

यूपीआय २०१६ पासून आहे आणि त्याचा एक नियम पहिल्या दिवसापासून बदललेला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठली रिक्वेस्ट मंजूर करावी लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, बस. सैन्य असो, सरकार असो, शाळा असो, आधी तुम्ही भरा मग दुप्पट देतो अशी कुठलीही सिस्टिम भारतात कुणाकडेच नाही.

पैसे गेले की पहिला फोन १९३० ला करायचा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. नवऱ्याला, भावाला, ग्रुपला नंतर सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर सरकवले जातात, आणि ते कुठल्यातरी खात्यात असतानाच गोठवता आले तर उपयोग. मला त्यांनी बँकेचं नाव, वेळ, समोरच्याचा नंबर आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारला. हा क्रमांक अॅपमध्ये व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते. पोलीस ठाण्यात गेलात तर बँकेचं स्टेटमेंट सोबत न्या. माझ्या बाबतीत ८,२०० रुपये वाटेत एका खात्यात अडकले. बाकीचे तोवर पुढे गेले होते. बँकेकडून भरपाईचं विचारलं तर उत्तर सरळ होतं. अनधिकृत व्यवहाराला संरक्षण आहे, पण इथे पिन खातेदारानंच टाकलाय.

त्याच रात्री आणखी एक प्रकार घडता घडता राहिला. आमचा ऑक्टापॅडवाला मदतीला धावला आणि त्यानं बँकेच्या कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधला. सर्वात वर जो सापडला तो लावला. पलीकडचा माणूस एवढा कनवाळू की रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. “रिफंड मिळेल सर, फक्त एक अॅप डाउनलोड करा.” ते अॅप आपल्या फोनचा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. नुकताच चटका बसलेला असल्यामुळे मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. एकदा लुटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणारे वेगळे दुकान थाटून बसलेत. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच लावा.

आता कुलाब्याचं. कार्यक्रम रद्द, असा मेसेज मी ग्रुपवर टाकला होता. आमचा ढोलकीवाला ग्रुप वाचत नाही. त्याच्या मते ग्रुपवर फक्त सुप्रभात येतं. तो दुसऱ्या दिवशी ढोलकी, ढोलक आणि इस्त्रीचा कुर्ता घेऊन, लोकलच्या सामानाच्या डब्यातून सीएसएमटीला उतरला आणि टॅक्सी करून नेव्ही नगरच्या गेटवर हजर. पासाशिवाय आत सोडत नाहीत. यानं साहेबांचं नाव सांगितलं. पहाऱ्यावरच्या जवानानं न हसता बाजूला बोट दाखवलं. तिथे एक मुलगा निळ्या फुग्यांचा भला मोठा घोस धरून उभा होता. त्यालाही तोच फोन आला होता. हा पोरगा मात्र हुशार. त्यानं ऑनलाइन एक पैसा पाठवला नव्हता, म्हणाला होता, मी जागेवर येऊन रोख घेईन. साहेबांनी “जरूर आइए” म्हटलं, हा आला. फुगे भरून आल्यामुळे त्याचं नुकसान हवेचंच झालं, असं तो म्हणतो. दोघांनी परतीची टॅक्सी केली. फुगे आत मावेनात म्हणून खिडकीतून बाहेर, ढोलकी मांडीवर. सिग्नलला पोरांनी फुगे मागितले, यानं वाटून टाकले. सीएसएमटीला पोचेपर्यंत टॅक्सीत आरसा दिसायला लागला, असं टॅक्सीवाला म्हणाला म्हणे.

हा झाला अनोळखी माणसाचा प्रकार. ओळखीचा कोऑर्डिनेटर वेगळ्या रीतीनं बुडवतो. तो कॉर्पोरेट शो आहे म्हणतो, नाईटचे, म्हणजे एका कार्यक्रमाचे, नेहमीपेक्षा दुप्पट सांगतो, आणि पैसे कंपनीकडून आले की देतो म्हणतो. इथेही तीच खूण. तुम्ही आकडा सांगायच्या आत तो मान्य करतो, कारण द्यायचाच नसतो. आमच्या ओळखीतल्या एका गायकाला अशानं चेक दिला आणि वटला नाही. त्यानं तो चेक शो-पीससारखा घरात ठेवून दिला. असं करू नका. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. तो न वटता परत आला की बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस मिळतात, आणि तरी दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. नोटिशीच्या टप्प्यावरच बरेच जण सुतासारखे सरळ होतात. तोंडी व्यवहार नंतर सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून तारीख, वेळ, रक्कम निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या आणि समोरच्याकडून “ओके” वदवून घ्या.

आम्ही आता बयाण्यासाठी खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी पाठवतो आणि गप्प बसतो. पैसे आले तर तारीख पक्की, नाही तर तारीख मोकळी. कुणी क्यूआर पाठवला, “आधी एक रुपया टाकून बघा” म्हणाला, की फोन ठेवायचा. शिवाय मी दोन प्रश्न ठरवून विचारते: हॉल कुठला आणि तुमच्याकडचं कोण गाणार आहे? हॉलचं नाव सांगितलं की तिथे फोन करून त्या तारखेचं बुकिंग आहे का ते विचारता येतं. आणि गाणारे काका नसतील तर, खरं सांगते, मला आता संशय येतो.

अडकलेले ८,२०० परत मिळण्यासाठी मी अर्ज केलाय. तो अजून चालू आहे. फुगेवाल्या मुलानं मधल्या काळात आम्हाला घाटकोपरचं एक बारसं मिळवून दिलं. यजमानांनी १८,००० वरून १३,५०० वर आणलं आणि वर मोदक स्वतः बांधून दिले. ढोलकीवाल्यानं मात्र कुलाब्याच्या टॅक्सीचे पैसे माझ्याकडून वसूल केले, परतीच्या भाड्यातला फुगेवाल्याचा निम्मा वाटा वजा करून.