पॉवरटॉप: निदान पक्कं, उपचार जपून

लिनक्स लॅपटॉपची बॅटरी कुठे मुरते ते शोधायला इंटेलचं पॉवरटॉप हे टर्मिनलमधलं साधन 2007 सालापासून आहे आणि आजही आधी तेच चालवावं. सुधारणा मात्र त्याच्यावर सोपवू नये.

चार्जर काढून, रूट (प्रशासकाचे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा. नाहीतर एकूण खर्चाचा वॅटचा आकडा दिसत नाही. प्रत्येक उपकरणासमोरचे वॅट हे अंदाज असतात. --कॅलिब्रेटने ते सुधारतात, पण तेवढ्या वेळात स्क्रीन अंधारते, यूएसबी बंद-चालू होतं. तेव्हा हातातलं काम आधी सेव्ह करा.

खरा उपयोग आयडल स्टॅट्स या टॅबचा, तिथे प्रोसेसर किती खोल झोपतो ते दिसतं. मशीन निवांत असूनही पॅकेज (म्हणजे अख्खी प्रोसेसर चिप) सी2-सी3 या उथळ झोपेच्या खाली उतरत नसेल, तर बहुधा एखादं पीसीआयई उपकरण (वायफाय कार्ड, एसएसडी वगैरे) अडवतंय. एएसपीएम म्हणजे पीसीआयई जोडणीची वीजबचत. फर्मवेअरने (बायोसने) कर्नलला दिलेल्या एफएडीटी तक्त्यात ‘एएसपीएम नाही’ म्हटलं असेल, तर कर्नल एएसपीएम जसं असेल तसंच सोडतो. कर्नलच्या बूट ओळीत पीसीआयई_एएसपीएम=फोर्स हा उपाय आहे, पण त्याने मशीन गोठूही शकतं. ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या बूट मेनूत) ‘ई’ दाबून फक्त त्या बूटपुरता लावून बघा.

ओव्हरव्ह्यू या पहिल्या टॅबमध्ये एसीपीआय_ओएस_एक्झिक्यूट_डिफर्ड सतत वर दिसलं, तर फर्मवेअर कुठल्यातरी जीपीईवर (झाकण, कळा अशा घटना कर्नलला कळवणाऱ्या क्रमांकित संकेतावर) इंटरप्टचा मारा करतंय. कुठल्या, ते पॉवरटॉप सांगत नाही (ही त्याची मोठी उणीव). /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्समधल्या फायली दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. ज्याचा आकडा धावतोय तो दोषी. आधी बायोस अपडेट करा. त्याने भागलं नाही तर त्या फायलीत ‘मास्क’ लिहा, कायमसाठी बूट ओळीत एसीपीआय_मास्क_जीपीई आणि तो क्रमांक. नंतर झाकण, ब्राइटनेसच्या कळा आणि चार्जरची नोंद तपासा. त्याच जीपीईवर यातलं काही असेल तर ते मुकं होतं.

आता --ऑटो-ट्यून. ते ट्यूनेबल्स या टॅबमधल्या, वीजबचत बंद असलेल्या सगळ्या ‘बॅड’ ओळी सरसकट ‘गुड’ करतं. मग यूएसबी माउस दोन सेकंदांत झोपतो, स्पीकर टक् करतो, आणि जुन्या आवृत्त्या साटाला (डिस्कच्या जोडणीला) मिन_पॉवर हे वीजबचतीचं सेटिंग लावत, ते काही डिस्कांवर डेटा बिघडवू शकतं, कर्नल 4.15पासून असलेलं मेड_पॉवर_विथ_डिप्म तिथे बरं. त्याऐवजी ट्यूनेबल्समध्ये एकेक ओळ एंटरने बदला. वर दिसणारी आज्ञा उतरवून घ्या आणि चाललेल्या तेवढ्याच आज्ञा सिस्टमडीच्या वनशॉट सर्व्हिसमध्ये (दर बूटला एकदा चालणाऱ्या) ठेवा, कारण रीबूटनंतर काहीच उरत नाही. टीएलपी हे वीजबचतीचं दुसरं साधन बसवलेलं असेल तर ही सर्व्हिस नको, दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसतात.