पीव्हीसीचं एन्क्लोजर, मिनेसोटाचा हिवाळा आणि अजगराची कात

हिवाळाभर वापरून मगच लिहायला घेतलं. अशा वस्तूंवरचे बहुतेक अभिप्राय खोकं उघडलं त्याच संध्याकाळचे असतात, आणि जानेवारीत त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. वस्तू म्हणजे ४ बाय २ बाय २ फुटांचं पीव्हीसीचं (प्लॅस्टिकचं) एन्क्लोजर, म्हणजे साप ठेवायची पेटी, पुढे सरकत्या काचा. आत राहते जिलबी, आमची बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकी जातीची अजगरीण. मुक्काम मिनियापोलिस.

आधी काचेचा टँक होता, वर जाळीचं झाकण. उन्हाळ्यात काही अडलं नाही. पण बाहेर उणे १५ अंश असताना हवेत बाष्प ते किती असणार? तीच हवा घरात येऊन फर्नेसवर (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवर) २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते. स्वयंपाक, आंघोळी, ओले कपडे यांच्या जोरावर आमचा हॉल जेमतेम २० वर टिकतो. जिलबीचं कूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं; तिला ६० टक्के तरी लागते, कात यायच्या दिवसांत त्याहून जास्त. वर जाळी आणि तिच्यावर दिवा, म्हणजे तापलेली हवा बाष्प घेऊन सरळ वर निघून जाणार. डोंबिवलीला फोनवर सांगितलं की इथे आर्द्रता विकत आणावी लागते, तर पलीकडून नुसतं हसू ऐकू आलं.

कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये एक द्रव साठतो. तेव्हा अंग मळकट दिसतं, डोळे निळसर दुधी होतात. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. या काळात हवा कोरडी असेल तर कात अखंड उलटी होऊन निघत नाही, तुकड्या-तुकड्यांनी सुटते. पाठीवरचा तुकडा राहिला तर फारसं बिघडत नाही. शेपटीच्या टोकाला राहिलेली कडी मात्र आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडू शकते, आणि डोळ्यांवरची टोपी, म्हणजे डोळा झाकणारा पारदर्शक खवला, राहिली तर ती नखाने काढायला जाणं हा निव्वळ आगाऊपणा.

नव्या एन्क्लोजरमध्ये फरक पडला तो मुख्यतः झाकणामुळे. वरची बाजू बंद, हवा खेळायला बाजूंना मोजक्या फटी. तळाशी नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा चांगला चार इंचांचा थर घातलाय. पाणी फवारत नाही. कोपऱ्यांतून खाली ओततो, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. पोट सतत ओल्यावर राहिलं की खवले सडतात, त्यामुळे हे महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीत आर्द्रतेचा आकडा ६५ ते ७० च्या मध्ये राहिला, आणि हिवाळ्यातल्या काती डोळ्यांच्या टोप्यांसकट अखंड निघाल्या. शिवाय थंड बाजूला झाकणाचा एक डबा ठेवलाय, त्यात ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ. डोळे दुधी झाले की बाईसाहेब आपणहून त्यात जाऊन बसतात. मॉस वेळेवर बदललं नाही तर बुरशी येते, एवढंच.

बरेच जण फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, घ्यायला सांगतात. माझं मत विरुद्ध आहे. धूर छान दिसतो, पण तो पृष्ठभाग भिजवतो, नळाचं पाणी भरलं तर काचेवर पांढरी पूड बसते, आणि हवा कोंदट नि थंड राहिली तर सापाच्या फुप्फुसांना संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. ते पैसे प्रोबवाल्या (वायरीच्या टोकाला संवेदक असलेल्या) डिजिटल हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर घाला. घड्याळासारखी तबकडी असलेले स्वस्त मीटर मनाला येईल तो आकडा दाखवतात. आपला मीटर तपासायचा असेल तर मिठात थेंबभर पाणी घालून लगदा करा, तो एका झाकणात ठेवून मीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर राहू द्या. ७५ दिसायला हवं. माझा ७१ दाखवतो, म्हणून मी मनातल्या मनात चार मिळवतो.

आता तक्रारी. पुढची पट्टी इतकी बुटकी आहे की सोडण काचांच्या खोबणीत सांडतं आणि काच कुरकुरते. दोन काचांच्या मधल्या फटीतून ओल निसटते. तिथे मी पारदर्शक पट्टी चिकटवली. जोडणीची सूचनापत्रिका म्हणजे नुसती चित्रं, तीही धूसर. आणि उष्णतेसाठी थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) वेगळा घ्यावाच लागतो, त्यात काटकसर नको. माझ्याकडे गरम बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६ अंश अशी आहे. ऐन थंडीत जिलबीने काही आठवडे खाणं सोडलं होतं, पण वजन टिकून होतं. बॉल पायथनचा तो स्वभावच आहे, एन्क्लोजरचा त्यात दोष नाही.

महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर आधी कायदा बघा. धामण असो की आपला अजगर, भारतातले साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात राहणाऱ्यांनी एवढा खर्च करण्याआधी हिवाळ्यात घरातला आकडा मोजून बघावा. तिथे जाळीचा बराचसा भाग फॉइलने झाकून भागण्याची शक्यता आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, टोरांटो या पट्ट्यात मात्र काचेच्या टँकवर आणखी पैसे घालण्यापेक्षा हेच घ्या, आणि ऑर्डर सप्टेंबरात टाका, म्हणजे फर्नेस सुरू व्हायच्या आत आतलं हवामान बसवता येतं.