आरटीईची जागा सोडून नवोदयला पाठवायचं का?

पहिलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत जागांच्या, सोडतीत नंबर लागला म्हणून लेकरू खासगी इंग्रजी शाळेत गेलं. आता पाचवी झाली आणि नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या निवड यादीतही नाव आलं. शिक्षण दोन्हीकडे मोफत. फरक आहे तो घरची परिस्थिती नेमकी कुठे आडवी येते, याचा.

नवोदयात ती फाटकाबाहेर आडवी येते. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे. त्या आकृत्यांचा सराव क्लासला होतो आणि क्लासला पैसे लागतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत खऱ्या, पण ग्रामीण म्हटलं की गुरुजींचा मुलगाही आला आणि ऊसतोड कामगाराचाही. ही चाळणी तुमच्या लेकराने पार केली आहे. आत ताट एक, गणवेश एक, वह्या-पुस्तकं सगळ्यांना सारखी. घर कळतं ते भेटीच्या दिवशी. कुणाचे आईवडील गाडीतून डबे घेऊन उतरतात. कुणाची आई मजुरी बुडवून एसटीने येते, तीही दर महिन्याला नाही. डबा सगळे वाटून खातात, तरी फाटकाकडे बघत बसणारी दोन-चार पोरं असतातच.

आरटीईत दारातच उत्पन्नाचा दाखला लागतो, दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतला (अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही). पुढे सोडत, म्हणजे नशीब. पैसा खरा भेटतो तो आत, आणि रोज. फी माफ असते, पण गॅदरिंगचा ड्रेस, सहल, प्रोजेक्टच्या रंगीत प्रिंटा, वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं यातलं काही माफ नसतं. पालकसभा इंग्रजीत चालली की आई मागच्या बाकावर गप्प बसते. तिसरी-चौथीपर्यंत मुलं हट्ट करतात. नंतर स्वतःच म्हणतात, ‘मला नाही जायचं सहलीला.’ त्यापेक्षा तो हट्ट परवडला असता.

शिवाय आरटीईची सवलत आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी, नाहीतर दुसरी शाळा. नवोदय बारावीपर्यंत आहे. तिथे नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी आहे, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना तोही नाही. सरकारी नोकरांच्या मुलांना मात्र जास्त भरावा लागतो.

नवोदयची किंमत पैशात नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर घराबाहेर राहतं. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात. सुरुवातीला मराठीतून शिकवून पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत नेतात. आरटीईतून गेलेल्या पोराला निदान इंग्रजीचा त्रास नाही.

माझं मत नवोदयच्या बाजूने आहे, विशेषतः मुलगी असेल आणि नववीची फी झेपणार नसेल तर. फी झेपणार असेल आणि लेकरू घरापासून एक रात्रही दूर राहिलेलं नसेल, तर मी घाई करणार नाही. दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेलं पोर परत जायला तयार होत नाही, असंही घडतं. आणि आरटीईची जागा एकदा सोडली की सहावीला पुन्हा मिळत नाही, कारण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी दोन कामं करा: लेकराला घेऊन वसतिगृह बघून या आणि आताच्या शाळेकडून नववीची फी लेखी मागा.